म्हणे दोष अस्त करतो तो दोस्त!

फ्रेंडशिप डेपासून आमच्या देवळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, डिचोलीपासून पेडण्यापर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांनी मला तो एकेकदा पाठवून झालाय. त्यात काय, तर दोष अस्त करतो तो 'दोस्त', म्हणजे शब्द संस्कृत, मोगलांनी पळवला. 'सलोखा' म्हणजे स अधिक लोक. आणि हे न मानणारे मराठीचे दुश्मन.

आधी दोस्त बघू. दोष अधिक अस्त याचा संधी 'दोषास्त' होतो, एवढं तर शाळेतलंच आहे. आणि मोगल म्हणाल तर बाबर आला 1526 ला, आणि इराणात नक्श-ए-रुस्तमला दरायस राजाच्या कबरीवर 'जे योग्य त्याचा मी दउश्ता आहे' असं कोरलंय त्याला अडीच हजार वर्षं झाली. दउश्ता म्हणजे ज्याला आवड आहे तो, हाच शब्द झिजून दोस्त झाला. आपलं नातं आहे त्याच्याशी, नाही असं नाही, पण चुलत. संस्कृतात 'जुष्' म्हणजे आवडणं, आणि आपल्या ज च्या जागी जुन्या फारसीत द येतो, आपला जामाता तिकडे दामाद होतो तसा. इराणी माणूस आजही 'तू मला आवडतेस' म्हणायला 'दूस्तत दारम' म्हणतो, त्यात दोष कुठून आला? आपल्या गोव्यातला 'इश्ट' म्हणजे मित्र घ्या ना, मैत्रीला इश्टागत म्हणतो ती, तो इष्ट पण इष् म्हणजे इच्छा करणं यातलाच, म्हणजे इथेही मुळाशी आवडच.

सलोखा. जुन्या मराठी कागदांत 'सलूख' येतो, तह, समेट या अर्थाने. मूळ अरबी 'सुलूक', वाटेने चालणं, त्यावरून वागणूक. सूफी लोक साधनेच्या वाटेला पण सुलूकच म्हणतात. आणि स अधिक लोक यातून झालेला शब्द मराठीत आधीच आहे की, 'सलोकता', चार मुक्तींतली पहिली, देवाच्या लोकात राहायला मिळणं. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण मिटवायला ती कशाला पाहिजे?

राहिलं 'दुश्मन', तो फारसीच, संस्कृत 'दुर्मनस्'चा भाऊ. फॉरवर्डवाल्याने शिवी पण उसनीच आणली!

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर एक काका म्हणाले, मग निदान 'मित्र' तरी शुद्ध राहू दे रे बाबा. काका, वेदातला मित्र इराणात मिथ्र, पुढे मेहेर, तुम्ही रोज 'मेहेरबानी' म्हणता त्यातला.