रानफुलांची पाकिटं नकोत, तेरडा आणि कुर्डू लावा

मे महिना आला की 'मधमाश्या वाचवा' असं छापलेली रानफुलांच्या बियांची पाकिटं ऑनलाइन दिसायला लागतात. ठाण्या-नवी मुंबईतली हौशी मंडळी ती मागवतातही. माझं मत स्पष्ट आहे: हे पैसे वाया जातात. पाकिटावरची लाल पॉपी आणि निळं कॉर्नफ्लॉवर थंड हवेच्या कुरणांतली रानफुलं आहेत, येऊरच्या किंवा खारघरच्या डोंगरावरची नव्हेत. आपल्याकडे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात ही रोपं बुडाशी कुजून जुलैतच आडवी होतात. त्या मिश्रणात तगतो तो बहुधा कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, आणि इतका चिवट की पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर त्याने केशरी-पिवळी पथारी पसरलीय. तो हौसेने बाल्कनीत आणायची गरज नाही.

आधी बघायचं ते हे, की आपल्याकडच्या मधमाश्यांना खायला कमी कधी पडतं. उन्हाळ्यात नाही. फेब्रुवारीपासून सावर, पांगारा, पळस, मग जांभूळ, करंज आणि रस्त्याकडेचा सोनमोहर अशी रांगच लागते. खरा उपास जुलै-ऑगस्टचा. डोंगर हिरवागार असतो, पण संततधारेत माशीला उडता येत नाही आणि उघड्यावरच्या फुलांतला मधुरस पाण्याने पातळ होतो किंवा वाहून जातो. पावसाने दोन तासांची उघडीप दिली की जवळपास कोरडी, भरलेली फुलं हवीत. छज्जाखालची बाल्कनी इथे मोकळ्या बागेपेक्षाही कामाची ठरते. म्हणून बेत आखायचा तो पावसाळ्याचा.

पहिला मान तेरड्याचा. बी विकत घ्यायला नको. गौरींच्या आधी ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात, त्यांवर खालच्या बाजूला फुगलेल्या केसाळ शेंगा असतात. विसर्जनाआधी पिकट, पिवळसर शेंगा पिशवीत धरून तोडा. बोट लागताच त्या फुटतात आणि बी चारी दिशांना उडतं, म्हणून पिशवी आधी, बोट नंतर. हिरव्या शेंगांतलं पांढरं बी कच्चं असतं, तपकिरी तेवढंच ठेवा. आठवडाभर सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

पेरणी १५ मेच्या सुमारास, हाताने पाणी घालून. पावसाची वाट पाहिलीत तर फूल ऑगस्टच्या अखेरीस येईल आणि उपासाचे दिवस निघून जातील. बारा इंची कुंडीत दहा-बारा बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. आठवड्याभरात उगवतात. चार पानांवर आली की जोमदार तीन-चार ठेवून बाकीची उपटा. ही उपटाउपटी जिवावर येते खरी, पण दाटीत खेळती हवा राहत नाही आणि पानांवर पांढरी भुरी येते. तेरड्याला सकाळचं तीन तास ऊन पुरतं.

कुर्डूला मात्र पाच-सहा तास ऊन लागतं. त्याचं बी काळं, चकचकीत, खसखशीएवढं. रस्त्याकडेच्या आणि मोकळ्या प्लॉटवरच्या वाळलेल्या तुऱ्यांतून नोव्हेंबर-डिसेंबरात झटकून घ्या. मूठभर वाळूत मिसळून मातीवर नुसतं विखरा आणि तळहाताने दाबा. गाडलंत तर उगवणार नाही. तीन फुटांपर्यंत वाढतं, तेव्हा काठीचा आधार लागतो. पिवळी तिळवणही अशीच, फक्त ती उगवायला वेळ घेते. टाकळा भाजीपुरता खुडा आणि दोन झाडं मोठी होऊ द्या. त्याच्या फुलात मधुरस नसतो, पण माश्या परागासाठी येतात आणि पानांवर पिवळ्या गवती फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

बी गोळा करायला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाऊ नका. तिथलं रोप काय, बीसुद्धा उचलायला वन्यजीव कायद्याची मनाई आहे. रस्त्याकडेला भरपूर मिळतं.

तुळशीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार राहते हे खरंच आहे, पण खुडलेल्या तुळशीवर माशीला काही नाही. म्हणून तुळशी दोन ठेवा: एक पूजेची, खुडलेली, दुसरी मोकाट सोडलेली. शेजारी सब्जाच्या दोन कुंड्या. उघडीप पडली की दुसऱ्या तुळशीशी पाच मिनिटं उभं राहून बघा. डंख नसलेली बारकी काळी माशी, जिला कोकणात पोया म्हणतात, ती फुलाफुलावर रेंगाळते. निळसर पट्ट्यांची गुबगुबीत माशी मात्र हवेत थबकून, जीभ पुढे काढून, क्षणात दुसऱ्या फुलावर जाते. हीच माशी टोमॅटोच्या फुलाला खालून लटकते आणि पंख न हलवता अंग थरथरवते, तेव्हा गुणगुण एकदम चढ्या सुरात जाते आणि पराग पिठासारखे पोटावर सांडतात. टोमॅटो-वांग्याचे पराग असे हलवूनच मोकळे होतात. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही, या एकटीने राहणाऱ्या माशीला आणि काळ्या भुंग्याला जमतं. मधमाश्यांच्या नावाने मोहिमा निघतात आणि यांची कोणाला आठवण नसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

एका जातीच्या तीन-चार कुंड्या एकत्र ठेवा. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं धरते. दहा जातींची दहा रोपं फोटोत छान दिसतात, माशीला मात्र ती विखुरलेली वाटतात. फुलं एकेरी पाकळ्यांचीच हवीत. गोंड्यासारखा भरगच्च झेंडू किंवा दुहेरी जास्वंद यांत पाकळ्यांच्या गर्दीत पराग आणि मधुरस हाती लागत नाहीत.

मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नको. उन्हाळ्यात ते वरदान, पावसाळ्यात मुळांचं डबकं. पाच भाग लाल माती, दोन भाग भरड रेती, एक भाग विटांचा चुरा, एक भाग गांडूळखत, एवढंच. रानफुलांना खत कोंबलं की पालाच माजतो आणि फूल लांबतं. शेणखताचा डोस, वर महिन्याला द्रवखत, ही सवय गुलाबापुरती ठेवा. कुंडीच्या तळाची भोकं बोटभर रुंदीची असावीत, त्यांवर खापरीचा तुकडा. बारा इंची कुंडी ओली झाली की वीस किलोच्या घरात जाते, त्यामुळे खिडकीबाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये अशा कुंड्यांची रांग लावू नका. भिंतीलगत, स्लॅबवर ठेवा. आणि लाल पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं तर सोसायटीच्या सभेत माश्यांचं कल्याण कोणी ऐकून घेणार नाही.

नर्सरीतून फुललेलं रोप आणणार असाल तर कीटकनाशक कुठलं मारलंय ते विचारा. इमिडाक्लोप्रिड मुळांतून शोषलं जातं आणि परागात, मधुरसात उतरतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये शेतात उघड्यावर त्याच्या वापरावर बंदी घातली, आपल्याकडे ते सहज मिळतं. म्हणजे माश्यांसाठी आणलेलं रोपच त्यांना विष पाजू शकतं. बियांपासून वाढवा हा आग्रह यासाठीच. माव्याला, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवरच्या बारीक किडीला, जोरदार पाण्याचा फवारा बहुतेक वेळा पुरतो. नाहीच पुरला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, सूर्य मावळल्यावर, फुलं वगळून.

पान खाल्लेलं दिसलं की हात लगेच फवाऱ्याकडे जातो. आधी नीट बघा. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेले असतील तर तो रोग नाही. पानकापी माशीने ते घरट्यासाठी नेलेत, झाडाला त्याने काही होत नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवीगार होते आणि तिचं फुलपाखरू होतं. लिंबाच्या कुंडीवर नीलवंतही येऊ शकतो, २०१५ पासून तो आपलं राज्य फुलपाखरू आहे. पाच अळ्या दोन फुटी कढीपत्ता पार बोडका करतात, मग तो पुन्हा फुटतो. फोडणीसाठी दुसरं झाड जाळीखाली ठेवा. अळ्यांना कुठली झाडं लागतात हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहेच.

पाण्यासाठी उथळ ताटली आणि त्यात पाण्यावर डोकावणारे खडे. दर दोन दिवसांनी ओतून, कड घासून धुवा. डासाची अंडी कडेलाच चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. कुंड्यांखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच टाका. सोसायटीत धूरफवारणी होणार असेल त्या संध्याकाळी कुंड्यांवर जुनी चादर टाका आणि सकाळी काढा. धुराने उडते डास मरतात, बशांतल्या अळ्या तशाच राहतात, हेही सेक्रेटरींना त्याच वेळी सांगता येईल.

त्यांच्याकडेच आणखी एक मागणी न्यायची. कंपाउंडच्या भिंतीलगत मीटरभर रुंदीचा पट्टा जूनपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत कापू नये. बी पडून गेल्यावर माळीबुवांनी खुशाल कापावा. त्यात घाणेरी, गाजरगवत आणि रानमोडी दिसली तर ती तेवढी फूल येण्याआधी मुळासकट उपटायची. आणि पेव्हर ब्लॉक बसवताना हातभर कोरडी, उघडी माती कुठेतरी छपराखाली सोडायला सांगा. निळ्या पट्ट्यांची माशी घरटं मातीतच करते आणि नव्या सोसायट्यांत तिला हातभरही माती सापडत नाही.