१६८९ चं बोस्टनचं बंड स्वातंत्र्यासाठी नव्हतं
एक मेसेज फिरतोय की इंग्लंडचा राजा दुसऱ्या जेम्सने अमेरिकेतल्या तेराही वसाहती एकत्र केल्या आणि बोस्टनच्या लोकांनी १६८९ मध्ये स्वातंत्र्यासाठी बंड केलं. दोन्ही चूक.

मुळात तेव्हा तेरा वसाहती नव्हत्याच, जॉर्जियाचा तर पत्ताच नव्हता. १६८६ मध्ये 'डोमिनियन ऑफ न्यू इंग्लंड' (जेम्सने काही वसाहती एकत्र करून एकाच गव्हर्नरखाली आणलेला प्रांत) सुरू झालं त्यात मॅसॅच्युसेट्स आणि आजूबाजूच्या वसाहती होत्या, १६८८ मध्ये न्यूयॉर्क आणि दोन्ही जर्सी (पूर्व आणि पश्चिम) जोडल्या, व्हर्जिनिया वगैरे बाहेरच.

या डोमिनियनचा गव्हर्नर अँड्रॉसने मात्र लोकांना खरंच पिडलं. निवडलेली विधानसभा बंद, टॅक्स त्याच्याच सहीने. १६८७ मध्ये इप्सविच गावाने सभा घेऊन सांगितलं की असा टॅक्स गोळा करणार नाही, तर पाद्री जॉन वाइजसकट पुढाऱ्यांना जेलमध्ये टाकून दंड ठोकला, आणि पुढे गावसभाच वर्षातून एकदा घ्यायची असा कायदा केला! वर जमिनीचे कागद नव्याने करून घ्या म्हणे, फी भरून.

मग इंग्लंडमध्ये जेम्सची उचलबांगडी झाल्याची कुणकुण लागली आणि १८ एप्रिल १६८९ ला बोस्टनकरांनी अँड्रॉसला पकडलं. पण जाहीर काय केलं, तर नवा राजा विल्यमला पाठिंबा. त्यांना जुनी सनद (वसाहतीला स्वतःचा कारभार करायचा हक्क देणारा राजाचा लेखी परवाना) परत हवी होती, राजा नको असं कुणी म्हणतच नव्हतं. १६९१ मध्ये सनद मिळाली तीही नवी, आणि गव्हर्नर राजानेच नेमायचा ही अट कायम.