बदलीचं कारण आदेशातच छापा

नावाजलेल्या सनदी अधिकाऱ्याची बदली झाली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. काका म्हणतात, मंत्र्यांना खमका माणूस नकोच असतो. आतेभाऊ म्हणतो, लोकांनी निवडून मंत्र्याला दिलंय, सचिवाला नाही. टेक्सासमध्ये बसून मी हे वाचते आणि जीव तुटतो, कारण खालच्या साहेबांच्या बदल्यांचा विषय कुणी काढतच नाही.

महाराष्ट्राचं सार्वजनिक बांधकाम खातं घ्या. मंत्र्यांखाली अपर मुख्य सचिव, आयएएस. रस्ते आणि इमारतींचे सचिव मात्र अभियंते, खात्यातच वर चढत आलेले. मग मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता. उतरंड चांगली आहे. पण गावच्या पुलाच्या जोडरस्त्यासाठी बाबांनी 2 वर्षांत 3 कार्यकारी अभियंते पाहिले. दरवेळी नवे साहेब विचारायचे, "अर्ज दिलाय का?" बाबा पिशवीतून पोच घेतलेली झेरॉक्स काढून टेबलावर ठेवायचे. साहेब वाचायचे, "बघतो" म्हणायचे. बघेपर्यंत त्यांचीच बदली.

राज्याचा 2005 चा बदल्यांचा कायदा एका पदावर सर्वसाधारणपणे 3 वर्षं देतो. मुदतीआधी हलवायचं तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं. लोकांच्या हाती मात्र 'प्रशासकीय कारणास्तव' एवढे दोनच शब्द पडतात.

इथे टेक्सासमध्ये रस्ते सांभाळणाऱ्या परिवहन खात्यावर 5 जणांचा आयोग असतो. गव्हर्नर नेमतात, सिनेट संमती देते, मुदत 6 वर्षं, आणि सगळ्यांची एकदम संपत नाही. कार्यकारी संचालक आयोगच निवडतो. ऑस्टिनला मी एकदा आयोगाची खुली बैठक पाहिली. एक आजोबा घडी घातलेला नकाशा घेऊन उभे राहिले आणि आपल्या वळणावरच्या अपघातांबद्दल बोलले. खातं चालवणारी माणसं समोर बसून ऐकत होती. मला बाबांची पिशवी आठवली.

तरी इथलं सगळं उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. हे आयोगाचे सदस्य कुणी निवडून दिलेले नसतात आणि इथल्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन 2 वर्षांतून एकदा, फार तर 140 दिवस. आपल्याकडे आमदाराने लक्षवेधी सूचना लावली की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. ती ताकद घालवू नये. मंत्र्यांचा अधिकारही राहू द्या. फक्त मुदतीआधीच्या प्रत्येक बदलीचं कारण आदेशातच छापा, कार्यकारी अभियंत्याच्या बदलीचंसुद्धा.

परवा बाबांचा फोन आला होता. चौथे साहेब रुजू झालेत, सोमवारी भेटायला जाणार आहेत.