इंटरव्हलपर्यंतचे अण्णा

परभणीत एप्रिलच्या रविवारी दुपारी चारला माणसाला करण्यासारखी दोनच कामं असतात. कूलरसमोर पडणं आणि कूलरमध्ये पाणी भरणं. यंदा मला अवदसा आठवली आणि मी तिसरं काम काढलं. दर रविवारी आई-अण्णांना एक जुना सिनेमा दाखवायचा. टीव्हीवर, नीट बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

'शेवटपर्यंत' हा शब्द मी सहज बोलून गेलो. तोच पुढं भोवला.

मूळ दुखणं असं की मी पुण्याला जाऊन चित्रपट-रसास्वादाचं शिबिर करून आलोय. तिथं अंधारात बसून सिनेमा बघायचा आणि उजेडात येऊन त्यावर बोलायचं, असा शिरस्ता. परत आलो तेव्हा पोटात बोलणं गच्च भरलेलं, आणि गावात ऐकणारं कुणी नाही. बायकोनं प्रमाणपत्र उलटसुलट बघून 'ह्याच्यावर पगार वाढतो का' एवढंच विचारलं. चिरंजीव कुठलाही सिनेमा दीडपट वेगानं बघतात. त्यांच्या हिशेबी गुरुदत्त म्हणजे नेट स्लो असल्याची खूण. राहिले आई-अण्णा. ते घरातच असतात आणि दोघांचेही गुडघे दुखतात, त्यामुळे उठून जाण्याची भीती नाही.

पहिला शत्रू कूलर. आमचा कूलर पत्र्याचा आहे. सुरू केला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं आणि बंद केला की पाचव्या मिनिटाला बनियन पाठीला चिकटतं. शेवटी तोड निघाली ती अशी: संवाद आले की कूलर बंद, गाणं आलं की चालू, कारण गाणी सगळ्यांना पाठ. बटण माझ्याकडं. १९३१ साली आलेल्या आपल्या पहिल्या बोलपटातच सात गाणी होती, आणि तिथून पुढं कुणी काटकसर केलेली नाही, हे मी शिबिरात नुसतं ऐकलं होतं. बटणापाशी उभं राहून ते अंगात मुरलं. त्यात काही नायकांना दोन कडव्यांच्या मध्ये बोलायची खोड. तीन तासांचा सिनेमा मी जवळपास उभ्यानंच बघतो.

अण्णा एसटीत वाहक होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण अजून सगळे बसल्याशिवाय ते सिनेमा सुरू करू देत नाहीत. "सूनबाई, पुढं सरक, खिडकीपाशी जागा हाय. लेकरा, पाय आत घे." मग सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "डबल." डबल म्हणजे दोन घंट्या. म्हणजे सोडा गाडी.

गाडी सुटली की त्यांचं खरं काम सुरू होतं. पडद्यावर कुणीही आलं की ते शांतपणे सांगतात, "हा उतरला." थोड्या वेळानं, "हीपण उतरली." नायकाचा मित्र येतो. "हा तर लई आधी उतरला." गेला, वारला असले शब्द त्यांना चालत नाहीत. एखादी नटी अजून हयात असेल तर जरा उजळतात, "ही हाय अजून, शेवटच्या स्टॉपची दिसती." पण एकूण कल असा की इंटरव्हलपर्यंत अर्धी गाडी रिकामी होते. त्यात मधूनच जगदीश राज इन्स्पेक्टरच्या वेषात आला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, ह्या माणसानं १४४ सिनेमांत पोलिसाचं काम केलं. गिनीज बुकात नोंद आहे."

अण्णांनी पडद्यावरच्या त्या टोपीकडं फार सहानुभूतीनं पाहिलं. "एकशे चव्वेचाळीस? आन् प्रमोशन नाही?"

रसास्वादाचं असं होतं. मी म्हटलं, आपल्या पहिल्या मूकपटात, १९१३ साली, तारामतीचं काम एका पुरुषानं केलं होतं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. तो उपाहारगृहात स्वैपाकी होता. पुढं १९१७ च्या दुसऱ्या एका चित्रपटात राम पण तोच आणि सीता पण तोच. त्याचं नाव अण्णा साळुंके.

"म्हंजे पहिली हिरोईन अण्णा?" चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर काढली. तो सबंध आठवडा आमच्या अण्णांना घरात कुणी सरळ हाक मारली नाही. आईला मात्र वेगळीच काळजी: "मग त्या हॉटेलात स्वैपाक कोण केला?"

ललिता पवारांचं मी फार मनापासून सांगितलं होतं. १९४२ च्या सुमारास एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड इतकी जोरात बसली की चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारं गेलं, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कामं गेली, आणि त्या अधू डोळ्याच्या जिवावर या बाईनं हिंदी पडद्यावरची सगळ्यात जहाल सासू उभी केली. सांगताना माझाच गळा दाटला. आईनं वाती वळता वळता ऐकून घेतलं. "मग ज्यानं मारलं त्याच्यावर काढायचा की राग. सुनांनी काय घोडं मारलं?"

'कागज के फूल'च्या वेळी तर मी कूलर सोडून थेट टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. १९५९ चा सिनेमा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. रिकाम्या स्टुडिओत वरून उन्हाचा तो जाड झोत उतरतो, तो छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून खरं ऊन आत फिरवून पाडला होता. झोतात धुळीचे कण संथ तरंगताना दिसतात, आणि त्या एका झोतात दोन माणसं समोरासमोर येऊन दूरच राहतात. मी म्हटलं, "आई, त्या उजेडाकडं बघ." आईनं चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं. "एवढी धूळ? झाडायला कुणी ठेवलं नव्हतं का?"

अण्णांचं ज्ञान मात्र ऐकीव नव्हतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघत ते लहानाचे मोठे झाले. तिथं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं की पैसे कमी पडत. चित्र तिकडूनही दिसतं, फक्त उलटं. त्यामुळे एका नामवंत नटाबद्दल त्यांचं आजही ठाम मत आहे की तो डावखुरा होता. मी पुरावे दिले. "तू पुढून बघितलं असंल," म्हणाले.

पण दोन-तीन रविवारांनंतर मला काहीतरी खटकायला लागलं. अण्णा गोष्ट आधीच सांगून टाकतात, ही खोड घरोघरी असते. अण्णांचं असं की इंटरव्हलपर्यंत ते सेकंदाला सेकंद बरोबर. "आता दार वाजणार." वाजतं. "आता ही हातातला तांब्या पाडणार." पाडते. आणि इंटरव्हल झाला की गाडी भलत्याच गावाला. "हिचा आजार बरा होतो, काळजी नको," असं त्यांनी सांगितलं आणि वीस मिनिटांत नायिका सरणावर. "हे वकील हिचे वडील निघतात." नाही निघाले. आई प्रत्येक वेळी त्यांच्याकडं बघायची, आणि अण्णा पंख्याकडं.

संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरताना मी त्यांना गाठलं. त्यांनी पाइप धरला होता, त्यामुळे पळता येत नव्हतं.

"अर्धाच बघितलाय लेका," म्हणाले.

"कुठला?"

"समदेच."

परभणी-गंगाखेड फेरी. पावणेसहाला गंगाखेडला पोचायची, पावणेआठला परत निघायची. मधे दोन तास मोकळे आणि टॉकीजला सहाचा खेळ. डोअरकीपर फुकट आत सोडायचा, कारण त्याची मुलगी परभणीला शिकायची आणि अण्णा तिच्यासाठी बसमध्ये जागा धरायचे. इंटरव्हलची पाटी पडायची, तोवर तिकडं ड्रायव्हर हॉर्न दाबून धरायचा. तो टॉकीजमध्ये ऐकू यायचा. हॉर्न वाजला की अण्णा उठले.

"मग तुम्ही आईला सबंध गोष्ट कशी सांगायचात?"

हे आमच्या घरात प्रसिद्ध आहे. आई टॉकीजला कधी गेली नाही. आजोबांना चालायचं नाही. अण्णा रात्री उशिरा जेवायला बसायचे, आई तव्यावरून भाकरी वाढायची, आणि ते सिनेमा सांगायचे. गाण्यांसकट.

"अर्धी सांगितली तर ती झोपू द्यायची नाही. मग शेवट मी लावायचो."

"किती सिनेमांना?"

अण्णांनी पाइप दुसऱ्या हातात घेतला. "बदली होईस्तोर."

पुढच्या रविवारी आईनं आपण होऊन फर्माईश केली. "ती 'मदर इंडिया' लाव रे. माझी लई आवडती हाय."

अण्णा हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, तो फार लांबडा आहे. खरंच आहे, १७२ मिनिटं. मग म्हणाले, लाईट जाईल. मग म्हणाले, त्यापेक्षा हेलनचं काहीतरी लाव. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या माणसानं बायकोसमोर हेलनचं नाव काढावं, म्हणजे संकट किती खोल असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. "डबल" पण म्हणाले नाहीत. मीच मनात दोन घंट्या दिल्या.

सिनेमा १९५७ चा, पण अण्णांनी तो बघितला बहात्तरच्या दुष्काळात. दिवसभर खडी फोडून, सुकडी खाऊन लोक रात्री पडद्यावर तोच दुष्काळ बघायला पैसे देऊन जायचे, असं ते सांगतात. आईला मिलोच्या लाल भाकरीची चव आठवली आणि ती पदर सावरून बसली. सुखीलाला पडद्यावर आला. पाचशे रुपयांच्या कर्जावर पिकाचा तीन चतुर्थांश हिस्सा व्याजात. "आमच्या गावचा सावकार अगदी असाच दात काढायचा," आई म्हणाली. मी संधी साधली: कन्हैयालालनं हाच सावकार ह्याच दिग्दर्शकाच्या १९४० च्या सिनेमातही केला होता.

"सतरा वर्षं व्याजच वसूल करायला का ते मुडदं!"

पुढं येणाऱ्या आगीच्या दृश्याचं मी आधीच सांगून टाकलं. तिथं नर्गिस खरोखरच ज्वाळांत सापडली होती आणि पडद्यावर तिचा पोरगा झालेल्या सुनील दत्तनं उडी घेऊन तिला बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. आईचा हात तोंडावर गेला. "पोरानं? आईसंगं?" ते निस्तरण्यात माझा एक संवाद आणि कूलरची एक पाळी चुकली.

तोवर राधेच्या नवऱ्याचे, शामूचे, दोन्ही हात दगडाखाली गेले होते आणि एका रात्री बायकोला झोपेत सोडून तो घरातून निघून गेला होता. राजकुमारचं काम. आईनं डोळे पुसले, पण त्यात घाबरणं नव्हतं. पुढचं ठाऊक असलेल्या माणसाचं रडणं होतं ते. "येतो पुन्हा," तिनं सूनबाईला धीर दिला.

मी अण्णांकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत होते.

एवढा मोठा नट मध्येच उतरून जाईल आणि परत चढणारच नाही, हे कुठल्या वाहकाला पटेल? अण्णांना पटलं नव्हतं. पण शामू त्या सिनेमात परत येत नाही. पूर येऊन गेला, पोरं मोठी झाली, आई विचारते, "कवा येतो हो?" "येईल की," अण्णा. होळी झाली. "आता?" "बघत ऱ्हा." धाकटा पोरगा बिरजू डाकू झाला, सावकाराची पोरगी घोड्यावर घालून निघाला, राधेनं बंदूक उचलली. आई उठून बसली. तिच्या सिनेमात बिरजूचं लग्न होतं. इथं आईनं पोराला गोळी घातली. कालव्याचं पाणी लाल झालं आणि 'समाप्त'.

त्या दिवशी अडीच-तीन तासांत परभणीत एकदाही लाईट गेली नाही. रोज जाते.

कुणी बोललं नाही. मी कूलर चालू करायचंही विसरलो. आई रिकाम्या पडद्याकडं बघत होती. मग ती माझ्याकडं वळली.

"कापला का रे?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. हाफ तिकिटाच्या वयाचा असताना सुट्टीत मी त्यांच्या गाडीत बसायचो, तपासनीस चढला की ते पुढच्या सीटवरून असंच बघायचे.

शिबिरात मूळ प्रतीचं पावित्र्य या विषयावर एक सबंध दुपार गेली होती. मी म्हटलं, "हाव. मोबाइलवर कापूनच टाकतात. जागा पुरत नाही."

"तरीच."

सकाळी अण्णा अंगणातल्या आरशासमोर दाढी करत होते आणि आई ओट्यावर बसून मावशीशी फोनवर बोलत होती. "नाही गं, समदा कापला मेल्यांनी. बिरजूला मारून टाकलं. खऱ्यात तसं नाही. खऱ्यात त्याच्या लग्नाचा मांडव पडलेला असतो, आन् दारात हा येऊन उभा ऱ्हातो. आत येत नाही. हात नाहीत ना, दार कसं वाजवणार. मग तिचीच नजर जाती. काही बोलत नाही ती. पाण्याचा तांब्या घेते आन् त्याच्या तोंडाला लावते."

अण्णा तोंडभर साबण लावून तसेच उभे होते. वस्तरा हातात, ऐकत.