मॉडिफाय केलेली वॅगन विकायची, तर आधी ‘स्टॉक’ करायलाच हवी?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत कुणी जुनी गाडी विकायला काढली की एक सल्ला हमखास फिरायला लागतो. मॉडिफाय केलेली गाडी म्हणजे पिळून काढलेली गाडी. त्यात ती वॅगन, म्हणजे मागे सामानासाठी लांब छप्पर असलेली गाडी असेल आणि लाख मैलांपुढे गेली असेल तर आशाच सोडा. सगळे मूळ पार्ट परत बसवून गाडी ‘स्टॉक’ करा, केलेल्या बदलांबद्दल चकार शब्द काढू नका आणि डीलर देईल ते घेऊन मोकळे व्हा.

कॅलिफोर्नियात विकायला काढलेली २००५ ची सुबारू लेगसी जीटी वॅगन डोळ्यांपुढे आणा. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, २५० हॉर्सपॉवर, चारही चाकांना जोर, पाच गिअरची मॅन्युअल. या गाडीला हा सल्ला जवळजवळ कुठेच लागू पडत नाही.

पहिला मुद्दा, ‘मॉडिफाय म्हणजे पिळलेली.’ काही गाड्या पिळलेल्या असतातच, पण या गाडीत कारखान्यातूनच आलेली दुखणी आहेत. टर्बोला तेल नेणाऱ्या नळीच्या बोल्टमध्ये एक बारीक जाळी असते. तेल वेळेवर बदललं नाही की ती गाळाने तुंबते, टर्बोला तेल मिळत नाही आणि तो जातो. जाणत्या मालकाने त्या जाळीचा बंदोबस्त केला असेल, तर त्याने गाडी पिळली की जपली? पिस्टनच्या रिंगा बसतात त्या कडाही या इंजिनात नाजूक. वाईट ट्यूनिंग (इंजिनाच्या संगणकातली जुळणी) झालं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) होत राहिलं की त्या तडकतात. म्हणून मुरलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं: ट्यून कोणी केलं, नॉकच्या नोंदी (लॉग) आहेत का, लीक-डाऊन टेस्ट झाली का? या टेस्टमध्ये पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. तेल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर दोष रिंगांचा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर असतील तर ‘पिळलेली’ हा शब्द तिथेच संपतो. नसतील, तर चकचकीत स्टॉक गाडीबद्दलही मी तीच शंका घेईन.

‘सगळं स्टॉक करा आणि गप्प बसा.’ यातला पहिला अर्धा भाग कॅलिफोर्नियात थोडा खरा आहे, पण कारण वेगळं. इथे गाडी विकताना स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी असते आणि ते ९० दिवस चालतं. तपासणारा बॉनेट उघडून डोळ्यांनीही पाहतो. बाहेरचा इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बसवला असेल तर त्यावर राज्याच्या हवा मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. जुलै २०२१ पासून इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदललंय का, हेही बघतात. गंमत अशी, की या गाडीत टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) असतो आणि तो फुटला तर त्याचे तुकडे थेट टर्बोच्या पात्यांत जातात. तो काढणं इंजिनाच्या भल्याचं, पण कायद्यात बसत नाही. तेव्हा धुराशी संबंधित जे आहे ते नियमात आणा. स्प्रिंगा, शॉक, मागचा जाड अँटीरोल बार, ब्रेक, चाकं यांचा स्मॉगशी काडीचा संबंध नाही, ते उगाच का सोडवायचं?

आपल्याकडे हा सल्ला इतका पटतो, त्यामागे भारतातला अनुभवही असावा. तिथे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पण तो धाक घेऊन इथल्या गिऱ्हाइकापुढे उभं राहण्यात अर्थ नाही.

गप्प बसणं मात्र शुद्ध नुकसानीचं. बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे, गंजक्या एक्झॉस्टमध्ये कोरं गॅस्केट, हे बघणाऱ्याला दोन मिनिटांत दिसतं. ताकाला जाऊन भांडं लपवलं की तो उरलेल्या सगळ्यावरही संशय घेतो. काय बदललं, कधी, कोणी बसवलं ते लिहून द्या. काढून ठेवलेले मूळ पार्ट खोक्यात भरून गाडीबरोबर द्या.

लावलेले पैसे परत येत नाहीत, हे मात्र खरं. पावत्यांची बेरीज करून किंमत सांगणाऱ्याला मीही गंभीरपणे घेत नाही. पावत्या देखभालीचा पुरावा म्हणून ठेवायच्या.

‘वॅगन कोणाला हवी?’ ज्याला हवी त्याला दुसरी मिळत नाही! लेगसीची वॅगन अमेरिकेत नंतर बंदच झाली, उरली ती तिचीच उंच केलेली बहीण, सुबारू आऊटबॅक. जपानमधून आणावी म्हटलं तर २५ वर्षांचा नियम आडवा येतो: इथे न विकलेली गाडी तेवढी जुनी झाल्याशिवाय सहसा आणता येत नाही. स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन घातलेली निसानची स्टेजिया २६०आरएस १९९७ ची, म्हणून ती आता कुठे येऊ लागली. मित्सुबिशीची इव्हो वॅगन २००५ ची, म्हणजे २०३० पर्यंत थांबा. मॅन्युअल गिअर, टर्बो आणि मागे कुत्रा किंवा सायकल मावेल एवढी जागा हवी असलेली माणसं थोडी आहेत, पण ती दुसऱ्या राज्यातूनही गाडी न्यायला येतात.

मैलांचं म्हणाल तर टायमिंग बेल्ट १,०५,००० मैलांना बदलायचा असतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, पाण्याचा पंप आणि पुली बदलल्याची पावती असलेली १,४०,००० मैलांची गाडी मी ९५,००० मैलांच्या बिनकागदी गाडीआधी बघेन.

राहिला डीलर. त्याच्या हिशेबात वर्ष, मैल आणि बाहेरून दिसणारी अवस्था एवढंच असतं. तुमचे शॉक कोणते आहेत हे त्याला विचारायचंही नसतं, कारण तो ती गाडी बहुधा लिलावातच काढणार. त्याच्या जागी तो बरोबर आहे. तुम्ही मात्र थेट गिऱ्हाइकाला विका, चाचणीला देण्याआधी त्याचा परवाना आणि विमा बघा, आणि गाडी हातातून गेली की ५ दिवसांत डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) मालकी सोडल्याची सूचना द्या. नाहीतर त्याच्या पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येतील.