एकच व्हाउचर दोनदा

घड्याळ यांनी आणलं. लग्नाच्या वाढदिवसाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच या माणसाने न विचारता काहीतरी आणलं म्हणून मी मोठ्या हौसेने डबा उघडला तर आत पावलं मोजणारं, ठोके मोजणारं, झोप मोजणारं आणि मुख्य म्हणजे जळलेल्या कॅलरी मोजणारं घड्याळ. म्हटलं, "अहो, जे म्हणायचंय ते सरळ तोंडाने म्हणायचं ना." तर म्हणे, "अगं तसं नाही, ऑफर होती."

ऑफर नसती तरी वेळ आलीच होती. वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, आणि डॉक्टर म्हणाले होते की शुगर अजून कुंपणावर बसलीये, कुठल्या बाजूला उडी मारते ते तुम्ही ठरवा. मी एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, अठरा वर्षं झाली, त्यामुळे हिशोब लिहायचा म्हटल्यावर मला उलट बरंच वाटलं. घेतलं अॅप. त्यात पहिलाच प्रश्न, तुम्ही दिवसभरात किती हालचाल करता? बैठं काम, हलकी, मध्यम, भरपूर. आता खरं उत्तर बैठं काम, पण सोमवारपासून मी आठवड्यातले चार दिवस अजिंक्यतारा चढणार होते ना, (तो दिवस शनिवार होता), म्हणून मी मध्यम दाबलं. अॅप खूश. म्हणालं तुम्हाला आहे तेवढंच राहायला रोज २१५७ कॅलरी लागतात, बारीक व्हायचं असेल तर १६५० खा. ५०० रोज वाचवल्या की एक किलो चरबीच्या साधारण ७७०० या हिशोबाने आठवड्याला जवळपास अर्धा किलो. रिकरिंग डिपॉझिटसारखंच की हे, फक्त उलटं.

सोमवारी चढले. साताऱ्यात राहून गडावर जात नाही असं सांगायची सोय नाही, लोक बघतात आपल्याकडे. पहाटे बोगद्याकडून निघायचं, अंधारात भरतीची तयारी करणारी पोरं धाड धाड पळत वर जातात, आपण तिसऱ्या वळणावर बुटाची लेस बांधायचं नाटक करेपर्यंत ती खाली पण यायला लागलेली असतात आणि वर "काकू, हळूहळू या" म्हणतात. पहिला दरवाजा, दुसरा दरवाजा, मंगळाई देवीला नमस्कार, खाली झोपलेलं सातारा बघत पाच मिनिटं धापा, आणि परत. घरी येऊन अॅप उघडलं तर १६५० च्या शेजारी हिरव्या रंगात लिहिलेलं, अधिक ५४०.

आता खरी गंमत इथे सुरू होते. हे ५४० म्हणजे काय? जमा की बक्षीस? खायचे का ठेवायचे? बँकेने खात्यात चुकून पैसे टाकले तर वापरू नयेत एवढं मला कळतं, पण हे चुकून नव्हते ना, घामाचे होते!

गडावर आमच्या तिघींची बैठक असते, तिथे विषय काढला. एक म्हणाली सगळ्या खायच्या, नाहीतर शरीराला वाटतं दुष्काळ पडला आणि ते चरबी आणखीनच धरून बसतं. दुसरी म्हणाली एकही खायची नाही, खायच्याच होत्या तर चढलीस कशाला, घरी झोपून राहायचं. दोघी हट्टाला पेटल्या. तिसरीने डबा उघडून आप्पे काढले आणि दोन्ही पक्षांनी खाल्ले.

मी पहिल्या पक्षात गेले. कष्टाचं आहे, खाणार. ५४० मध्ये काय काय बसतं याचा मी असा अभ्यास केला की बारावीला केला असता तर आज सीए असते. तूप लावलेल्या दोन पोळ्या, वर एक वाटी उसळ, आणि मोती चौकातून जाताना कंदी पेढा, तो शंभराच्या आसपास धरला. कधी दोन पेढे. पेढ्याच्या गावात राहून पेढा न खाणं म्हणजे उगाच गावाचा अपमान. पाच आठवडे इमानेइतबारे चढले, इमानेइतबारे लिहिलं, आणि इमानेइतबारे ते पाचशे चाळीस परत खाल्ले. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, माझी आठवड्याला चार एकादश्या चालू होत्या. पाच आठवड्यांनी काट्यावर उभी राहिले. ७८ किलो ८००.

यांनी या पाच आठवड्यांत फक्त चहातली साखर बंद केली होती, तीही माझी कटकट नको म्हणून. दीड किलो उतरलं. मला या विषयावर जास्त बोलायचं नाहीये.

मग मी रागाने पक्ष बदलला. हिरवा आकडा बघायचाच नाही आणि खाणं पण १६५० वरून थेट १२००. दोन दिवस कसं सात्विक वाटलं. तिसऱ्या दिवशी गडावरून आल्यावर एक पोळी आणि वाटीभर दुधी खाऊन कामावर गेले आणि साडेअकराला एका आजोबांनी एफडीचा रेट तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणाले, "आजोबा, तुमच्या मागे भिंतीवर लिहिलंय, वळा." आजोबा वळले, वाचलं, आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी मला बोलावून एकच वाक्य विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

घरी रात्री सव्वाअकरा वाजता ठीक होत होतं. लाइट न लावता फ्रिजच्या उजेडात फोडणीची पोळी उभ्याने खायची, मग ती तिखट लागते म्हणून शेंगदाण्याची चिक्की, मग चिक्की दातात अडकते म्हणून ताक. अंधारात खाल्लेलं अॅपला दिसत नाही. काट्याला मात्र अंधारातलंच जास्त दिसतं. तीन आठवडे झाले तरी ते आठशे ग्रॅम जागचे हलले नाहीत.

सासूबाई हे सगळं शांतपणे बघत होत्या. नुसत्या बघत नव्हत्या हे मला नंतर कळलं. माझी पाठ वळली की त्या माझ्या वरणात चमचाभर तूप सोडायच्या, भाकरीला आणखी एक. पकडलं तर म्हणाल्या, "काय हुतंय गं एका चमच्यानं, गड चढून येतीस, तोंड बघ किती उतरलंय." तोंड! नेमकं जिथून उतरायला नको तिथूनच उतरतं. चमचाभर तूप म्हणजे पाच ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे ४५, दोन चमच्यांचे ९०. रोजची नव्वदची बेनामी ठेव माझ्या खात्यात, आणि खातेदारालाच पत्ता नाही.

मार्च उजाडला. मार्चमध्ये पतसंस्थेत काय चालतं ते ज्याला माहितीये त्याला माहितीये. व्हाउचर तपासताना चहाचं ३८० रुपयांचं एक बिल दिसलं, एकदा कार्यालयीन खर्चात आणि तेच परत किरकोळ खर्चात. नवीन मुलगा आहे एक, त्याला उभा करून मी झापायला सुरुवात केली, "अरे, एकच खर्च दोन ठिकाणी दाखवतोस? वर्षाचा चहा म्हणून एकदा धरलायस, आणि रोजचा परत वेगळा लिहितोस, एवढं साधं…" आणि तिथेच थांबले.

कारण मी तरी काय केलं होतं? अॅपला पहिल्याच दिवशी मध्यम हालचाल सांगितली, म्हणजे गड चढणं त्या २१५७ मध्ये आधीच धरलेलं. आणि रोज चढून आल्यावर घड्याळाचे ५४० परत वेगळे जमा. एकच व्हाउचर दोनदा! अठरा वर्षं अकाउंट्स. तो मुलगा अजून समोर उभा होता, मला पाणी देऊ का विचारत होता.

घरी येऊन आधी हालचाल बैठी केली. आकडा २१५७ वरून धाडकन १६७० वर आला. म्हणजे मी ज्याला डाएट म्हणत होते तो १६५० चा आकडा म्हणजे माझं नुसतं बसून राहण्याचं खाणं होतं, त्यावर पाचशे चाळीस, त्यावर तूप.

मग लेकीने सूत्रं हातात घेतली. ती बारावी सायन्सला, स्वतःचा फिजिक्सचा अभ्यास सोडून जगातलं कुठलंही फिजिक्स आनंदाने करते. म्हणाली, "आई, गड आपल्या घरापासून किती उंच? तीनशे मीटर धरू. तुझं वजन ७८…" मी म्हटलं हळू बोल. ७८ गुणिले ९.८ गुणिले ३००, भागिले काहीतरी, आणि तिने वही माझ्यासमोर धरली. ५५ कॅलरी.

पंचावन्न! दीड तास, दोन दरवाजे, मंगळाई देवी, आणि अर्धा पेढा?

माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "अगं थांब, शरीर काही शंभर टक्के एफिशियंट नसतं, साधारण पंचवीस टक्केच काम होतं, बाकीची उष्णता. म्हणजे गुणिले चार, २२०. उतरायचं, सपाटीचं चालायचं धरून तीनशे म्हणू." आयुष्यात पहिल्यांदा मला आपण पंचवीस टक्केच कार्यक्षम आहोत याचा आनंद झाला. "आणि तुझं घड्याळ एकूण आकडा दाखवतं," ती थांबायचं नावच घेईना, "म्हणजे तू त्या दीड तासात घरी पडून राहिली असतीस तरी ज्या ८७ जळल्याच असत्या त्यापण त्याने गडाच्या नावावर टाकल्यात."

मग तिने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं की स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीत त्यातल्या सगळ्यात चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३. ९३ टक्के चुकणाऱ्याला आमच्याकडे शिपाई म्हणूनसुद्धा ठेवणार नाहीत, इथे मी त्याच्या भरवशावर पेढे खात होते. तशी शंका मला यायला हवीच होती. पोळ्या लाटताना हे घड्याळ पावलं मोजतं. वीस पोळ्या लाटल्या की त्याच्या मते मी ओट्यापासून निघून राजवाड्यापर्यंत जाऊन आलेली असते, आणि स्कुटीवरून पोवई नाक्याला जाताना खड्डे लागले की तेसुद्धा पायीच.

आणखी एक गोष्ट वाचली ती माझ्या मनाला फार लागली. टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत, शिकार करून, कंद खणून राहणारे, दिवसभर पायपीट. हर्मन पाँट्झर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून २०१२ मध्ये छापलं की आकारमान जमेस धरलं तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरात बसून काम करणाऱ्यांएवढाच निघतो. म्हणजे एका हेडखाली खर्च वाढला की शरीर दुसऱ्या हेडखाली कपात करतं असं त्याचं म्हणणं. यावर तज्ज्ञांची भांडणं असतील, ती चालू द्या, पण माझ्यापुरतं मला लगेच पटलं. रविवारी गड चढून आल्यावर मी दुपारी एक ते पाच सोफ्यावर अशी पडलेली असते की रिमोटसुद्धा लेकीला हाक मारून मागते. सकाळी कमावलेलं दुपारी व्याजासकट परत.

तर आता पद्धत अशी आहे. हालचाल बैठी, खाणं १४०० च्या आसपास, त्याच्या खाली जायचं नाही कारण आजोबा अजून माझ्या काउंटरला येत नाहीत. गडाच्या दिवशी घड्याळ म्हणेल त्याच्या निम्मं, तेसुद्धा खरंच भूक असेल तर, आणि ते पेढ्याचं नाही, उसळ, अंडं, दही असलं काहीतरी ज्याने अकरा वाजता माणूस माणसात राहतो. सासूबाईंच्या तुपाचे ९० मी आधीच वजा करून ठेवते, तरतूद म्हणून. त्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर त्या तिसरा चमचा सुरू करतील. चार महिन्यांत साडेतीन किलो गेलेत. यांचं अजून काही न करता जातंय.

गेल्या रविवारी हे पण बरोबर आले होते. दुसऱ्या दरवाजापाशी पोचले आणि मनगटाकडे बघितलं तर घड्याळ काळं. रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं होतं. मी जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" हे धापा टाकत म्हणाले.

"मोजलंच गेलं नाही हो काही."

"मग काय परत खाली जाऊन येतेस?"

खोटं नाही सांगत, दोन सेकंद मी विचार केला. मग वर गेलो. देवीपाशी कुणाचा तरी नवस फिटला होता, एक बाई येईल त्याच्या हातावर पेढे ठेवत होत्या, आग्रहाने दोन-दोन. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. खाली सातारा उन्हात यायला लागलं होतं, मी एक पेढा खाल्ला, मग दुसरा खाल्ला. ना चढल्याची नोंद, ना खाल्ल्याची.

"अॅपमध्ये काय लिहिणार?" यांनी विचारलं.

"काही नाही," मी बोटं चाटत म्हटलं, "दोन्हीची व्हाउचरं गहाळ आहेत."