एम-35 ए-2 चे मोठे टायर आणि ब्रेकचा प्रश्न: एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी सैन्याने निकालात काढलेल्या माझ्या एम-35 ए-2 ट्रकचे मूळचे 9.00-20 मापाचे दहा टायर (मागच्या दोन धुऱ्यांवर जोडचाके असल्यामुळे दहा) उतरवून त्या जागी 395/85 आर 20 मापाचे (रुंदी 395 मिलिमीटर, उंची तिच्या 85 टक्के, रिम 20 इंच) सहा एकेरी टायर बसवले, त्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, सैन्याने मूळचे टायर विचारपूर्वक निवडले होते आणि ते बदलण्याचे कारण नव्हते. मी वाढलेल्या वेगाचे कौतुक केले, पण ब्रेकविषयी अवाक्षर काढले नाही. आणि मोठेच टायर हवे होते तर पाच-टनी लष्करी ट्रकांचे 14.00 आर 20 का घेतले नाहीत. या तीन आक्षेपांपैकी दुसरा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे उत्तराची सुरुवात त्यापासून करतो.

मूळच्या टायरचा बाह्य व्यास साधारण साडेचाळीस इंच असतो आणि नव्या टायरचा मापावरून काढलेला व्यास 46.4 इंच येतो, म्हणजे चाक जवळजवळ 15 टक्क्यांनी मोठे झाले. ब्रेकचा ड्रम मात्र तेवढाच राहिला. ड्रमवर लायनर (ब्रेकचे घासपट्टे) दाबले गेल्यावर चाक रोखणारा जो पीळ, म्हणजे टॉर्क, निर्माण होतो, तो चाकाच्या त्रिज्येने भागला की रस्त्यावर मिळणारा रोध कळतो. त्यामुळे पायाखालचा दाब तोच असला तरी ट्रक थांबवणारे बल सुमारे 13 टक्क्यांनी घटते. घाटातल्या उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने गाडी धरून ठेवतो तो आधारही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि ही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेतही आलेली नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो. मी कोलोरॅडोत राहतो. येथे चढापेक्षा उताराची भीती मोठी असते. त्यातच या ट्रकचे ब्रेक हवेच्या साहाय्याने चालणारे असले तरी हायड्रॉलिक द्रवाचा मार्ग सहाही चाकांसाठी एकच आहे, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळू लागला तर सगळेच ब्रेक जाऊ शकतात. पूर्वीच्या लेखात यातले काहीच नव्हते. ती मोठी उणीव होती आणि ती दाखवून दिल्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

तरीही टायर बदलण्यामागचे कारण चुकीचे होते असे मला वाटत नाही. या ट्रकच्या धुऱ्यांचे गुणोत्तर 6.72 आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला धुऱ्याकडे येणारा दांडा 6.72 वेळा फिरतो; चिखलात भार ओढण्यासाठी ते उत्तम, पण महामार्गावर त्याचा परिणाम असा होतो की मिनिटाला 2600 फेऱ्यांवर, म्हणजे मल्टिफ्युएल (अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणाऱ्या) इंजिनाच्या कमाल मर्यादेवर, ट्रक ताशी जेमतेम 56 मैल जातो. ताशी 50 मैलांवर इंजिन 2300 फेऱ्यांच्या आसपास फिरत असे. नव्या टायरांवर त्याच वेगाला 2000 च्या थोड्या वर पुरतात. धुऱ्यातले गिअर न बदलता गुणोत्तर 5.9 च्या खाली आणल्यासारखाच हा बदल आहे आणि तासन्‌तास चालवताना कानांना आणि इंजिनाला मिळणारा विसावा मला खरोखर मोलाचा वाटतो. याची किंमत चढावर मोजावी लागते, कारण पूर्वी पाचव्या गिअरमध्ये निघणारा चढ आता चौथ्यात काढावा लागतो. स्पीडोमीटरही कमी वेग दाखवतो: काटा 50 वर असतो तेव्हा प्रत्यक्ष वेग 57 असतो. आणि ट्रक आता 64 पर्यंत जाऊ शकतो म्हणून कोणी तो खरोखर 64 ने चालवला, तर 56 च्या तुलनेत थांबवण्याची ऊर्जा 30 टक्क्यांहून अधिक वाढते, तीही दुबळ्या झालेल्या ब्रेकनी. कमी फेऱ्यांचा लाभ घ्यावा, पण वाढलेल्या वेगाचा घेऊ नये, हे वाक्य माझ्या पहिल्या लेखात असायला हवे होते.

सैन्याच्या निवडीचा आपला मुद्दा मला अर्धाच पटतो. मूळचे टायर दोन्ही दिशांना सारखी पकड देणाऱ्या नक्षीचे होते आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कुठेही चालत असल्यामुळे एकच स्टेपनी पुरत असे. रणभूमीवरच्या पुरवठ्यासाठी हा मोठा गुण होता, पण चिखलात आणि बर्फात ती नक्षी फारशी पकड धरत नाही. पुढे 1990 च्या दशकात सैन्याने याच ट्रकचा ए-3 हा अवतार काढला तेव्हा मागची जोडचाके काढून एकेरी रुंद टायर बसवले. अर्थात त्याबरोबर कॅटरपिलरचे नवे इंजिन, ॲलिसनचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि चालत्या ट्रकमधून टायरचा दाब कमी-जास्त करणारी यंत्रणाही दिली, म्हणजे नुसते टायर बदलून काम भागवले नाही. म्हणून ए-3 चे उदाहरण माझ्या बाजूचे जितके आहे तितकेच आपल्याही बाजूचे आहे.

14.00 आर 20 चे उत्तर मोजपट्टीच देते. मागच्या दोन धुऱ्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर 48 इंच आहे, तर त्या टायरचा व्यासच 48 इंचांच्या वर जातो, त्यामुळे धुरे हलवल्याशिवाय पुढचे-मागचे टायर एकमेकांना घासल्यावाचून राहणार नाहीत. माझ्या टायरांमध्ये कागदावर दीड इंचाच्या आसपास फट उरते आणि खडबडीत वाटेवर दोन्ही धुरे वरखाली होताना तीही मला पुरेशी वाटत नाही. आज पुन्हा निवड करायची झाली तर मी कदाचित 11.00 आर 20 घेईन. व्यासातली वाढ त्याहून कमी, रिमवर कापाकापी नाही आणि ब्रेकचा तोटाही त्याच मानाने थोडा. माझ्या टायरांच्या रिमला दहा बोल्ट आणि या ट्रकच्या हबला सहा, त्यामुळे मधला भाग कापून नवा बसवून वेल्ड करावा लागला, आणि त्यातल्या दोन रिम फिरताना डुगडुगत असल्याने पुन्हा करून घ्याव्या लागल्या. ट्रकला पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे जागेवर चाक वळवणेही पूर्वीपेक्षा बरेच जड झाले आहे.

आपली प्रतिक्रिया वाचून कोणी 'मग फक्त मागचेच टायर बदलू' असे ठरवू नये म्हणून सांगतो, सहाही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले हवेत. काही ए-2 ट्रकांच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांत वाटणाऱ्या पेटीत) मागची चाके घसरू लागली की पुढचा धुरा आपोआप जोडणारा क्लच असतो, आणि तो पुढच्या व मागच्या वेगांतल्या फरकावर चालतो. व्यास वेगळे असतील तर तो भलत्या वेळी जोडला जाईल किंवा हवा तेव्हा जोडला जाणार नाही. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही नव्या मालकांना ठाऊक नसते. आणि मूळच्या रिमला टायर धरून ठेवणारी, निघणारी कडी असते, जी हवा भरताना उडाल्यामुळे माणसे दगावलेली आहेत. ते काम लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच आणि ते जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे.

भारतात लष्कराच्या लिलावातली गाडी घेऊन असाच बदल करता येईल का, असेही आपण विचारले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये वाहनाच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधने आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कडकपणे वाचली, म्हणून टायर विकत घेण्याआधी आरटीओकडून लेखी उत्तर घ्यावे.

जुन्या लेखात मी आज तीन दुरुस्त्या केल्या आहेत. ब्रेकचे वरचे गणित सर्वांत वर घातले, 'भारासह महामार्गासाठी उत्तम' हे माझे वाक्य काढून टाकले आणि 11.00 आर 20 चा पर्याय आधी मांडला. ब्रेकच्या द्रवासाठी दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर द्रव चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) बसवण्याचे काम मी हाती घेतले आहे. ते पूर्ण होईपर्यंत ट्रक रिकामाच चालेल आणि ताशी 50 मैलांच्या पुढे जाणार नाही.